गुळाचा चुरा

"गुरुजी, ती गाडी फुकट का येती?"

प्रश्न ऋतिकचा होता. दत्तोबा गुरुजींच्या अंगणात संध्याकाळी जी शाळा भरायची, तिथं असले प्रश्न बहुतेक ऋतिकच विचारायचा. बाकीची पोरं पाढे म्हणत असली की हा पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघोट्या मारत बसायचा आणि मधेच असं काहीतरी टाकायचा, की पाढे तिथंच थांबत. गुरुजींना त्याचा कधी राग आला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारा जन्म घालवून ते कवठेवस्तीला परत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पेन्शन होती, थोडी पेरूची बाग होती, गुडघे दुखत होते. पण पोर काही विचारायला लागलं की गुडघ्यांचा विसर पडायचा.

गाडी म्हणजे दवाखान्याची गाडी. दर मंगळवारी सकाळी डाळजच्या बाजूनं हायवे सोडून ती वस्तीवर यायची आणि समाजमंदिरापुढं उभी राहायची. आत डॉक्टर, अनिता नावाची नर्स, औषधांचं कपाट आणि एक छोटा फ्रिज. बाहेरच्या अंगाला एका मोठ्या तेल कंपनीचं नाव, इतकं मोठं की ते वाचता वाचता पहिलीची पोरं जोडाक्षरं शिकली होती.

"फुकट का येती, म्हणजे बघ," गुरुजी म्हणाले आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, एक गुळाचा खडा आण. आणि बत्ता."

"कशाला?" आतून द्वारकाबाईंचा आवाज आला. "पोरांचे दात आदीच किडल्यात."

"शिकवायला पाहिजे."

"गणित शिकवायला गूळ लागतो व्हय तुमाला? आमच्या येळंला चिंचोके पुरायचे," असं म्हणत द्वारकाबाई बाहेर आल्या, पण खडा चांगला मुठीएवढा आणला.

गुरुजींनी जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर गूळ ठेवला. "ही कंपनी जमिनीतनं तेल काढते, बाहेरनं विकत आणते, ते शुद्ध करते आणि पंपावर विकते. तुमच्या घरच्या गाडीत जातं ते. सगळा खर्च वजा जाऊन जे उरलं, तो हा खडा. ह्याला म्हणायचं नफा."

बत्ता पडला. खड्याचे तुकडे झाले. पोरं पुढं सरकली.

"हा सगळ्यात मोठा तुकडा भागधारकांचा. ज्यांनी कंपनीत पैसे घातलेत, ते घरी बसून खाणार. हा दुसरा, नवीन विहिरी खणायला, नवीन पाइपलाइनी टाकायला. हा अडीअडचणीला शिल्लक. आणि हा सरकारचा. ह्याला कर म्हणतात." गुरुजींनी सरकारचा तुकडा जरा बाजूला ठेवला, आणि मग त्याचाच एक कोपरा मोडून परत पहिल्या तुकड्याला नेऊन चिकटवला.

"गुरुजी, घोळ करताय तुमी!" ऋतिक ओरडला. "त्यो सरकारचा व्हता."

"घोळ नाही. ह्याला करसवलत म्हणतात. कंपनी म्हणते, आम्ही देशासाठी लाइन टाकतोय, जरा सोडा. सरकार म्हणतं, बरं, सोडतो."

"म्हंजी दिल्यागत करायचं आन् परत घ्यायचं," अंजुम म्हणाली.

अंजुम ही वस्तीच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान असलेल्या गुलजारची मुलगी. सहावीत होती. बोलायला धीट, आवाज खणखणीत, आणि एकदा ऐकलेलं कधी विसरायची नाही. गुरुजींनी आयुष्यात पुष्कळ हुशार पोरं पाहिली, पण हिच्या हुशारीला एक नेटकेपणा होता. ती गोष्ट ऐकताना मान हलवायची नाही. पटली की मगच हलवायची.

"अगदी तसंच नाही, पण तसंच म्हण," गुरुजी हसले. "आता हे बघा." तुकडे उचलल्यावर कागदावर गुळाचा चुरा राहिला होता. "कायदा असा, की नफ्यातलं थोडंसं लोकांसाठी खर्च करायचं. म्हणजे करायचंच. तो हा चुरा. ह्या चुऱ्यातनं आपली गाडी येते."

पोरं चुऱ्याकडं बघत राहिली. मग नेहमीप्रमाणं तुकड्यांची वाटणी झाली. अंजुमच्या हातावर द्वारकाबाईंनी मूठभर भाजके शेंगदाणे ठेवले. गूळ तिला चालत नव्हता.

इतक्यात अंगणाच्या फटीतनं मुंग्यांची रांग निघाली आणि सरळ कागदावर चढली.

"आला मंगळवार," ऋतिक म्हणाला. "वस्ती निघाली गाडीकडं."

सगळी हसली. अंजुमही हसली, गुरुजीही हसले.

अंजुमला गूळ का चालत नव्हता, ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी पोरगी एकाएकी वाळत चालली. पाण्याची कळशी तोंडाला लावायची ती रिकामी करूनच ठेवायची. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं दृष्ट. मग एक दिवस ती शाळेच्या ओट्यावरच आडवी झाली. तिला बारामतीला नेलं तेव्हा कळलं की हा साखरेचा आजार आहे, म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, लहान वयात होतो तो. शरीरात जे बनायचं ते बनत नाही. रोज सुईनं घालावं लागतं, आणि जन्मभर.

औषध विकत मिळत होतं. गुलजार पोटाला चिमटा काढून ते आणत होता. पण औषध किती टोचायचं, हे साखर किती आहे त्यावर ठरतं. त्यासाठी बोटातून रक्ताचा थेंब काढून एका पट्टीवर घ्यायचा. पट्टी एकदा वापरली की संपली, आणि दिवसातून तीनचार वेळा तरी बघायला हवं. ह्या पट्ट्या गुलजारच्या आवाक्यात नव्हत्या. जास्त टोचलं तर पोर चक्कर येऊन पडणार, कमी टोचलं तर आतून पोखरत जाणार. सुरैय्या, म्हणजे अंजुमची आई, सुई हातात घेऊन पोरीच्या तोंडाकडं बघत बसायची.

अशात ती गाडी सुरू झाली. अनितानं पोरीला स्वतःची सुई स्वतः टोचायला शिकवलं, पट्ट्यांचे डबे दिले, डॉक्टर दर मंगळवारी आकडे बघून औषध कमीजास्त करू लागले. पोरगी भरली. गालावर रंग आला. शाळेच्या स्पर्धेत तिनं भाषणात पहिला नंबर काढला.

गाडीची वस्तीला इतकी सवय झाली, की उपकेंद्राला नर्स द्या म्हणून सरपंच सोपानराव जे दर महिन्याला पंचायत समितीत जाऊन भांडायचे, तेही बंद झालं. "आता कशाला त्यांच्या पाया पडायचं?" ते म्हणायचे. "गाडी हाय की."

एके दिवशी कंपनीचे अधिकारी इंद्रजित वस्तीवर आले. तिशीतला तरुण, बोलायला गोड. आल्या आल्या गुरुजींच्या पाया पडले.

"आमच्या वरच्या लोकांना एक छोटी फिल्म करायची आहे, गुरुजी. गाडीमुळे गावात काय बदल झाला, त्यावर. एखादं मूल दोन शब्द बोललं तर फार बरं होईल."

आभाराचं भाषण! ह्या गोष्टीत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. शिक्षणाधिकारी येवोत, खतांच्या दुकानाचं उद्घाटन असो, शाळेला कुणी पंखा दिलेला असो, गुरुजी पोराला उभं करायचे आणि पोर असं बोलायचं की पाहुणा डोळे पुसायचा. पाहुण्याला शाल, नारळ आणि गोड शब्द. ह्या तिन्हींशिवाय पाहुणा वेशीबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्या भागाची रीतच होती.

त्यांनी त्याच संध्याकाळी भाषण लिहिलं आणि अंजुमला वाचायला दिलं. ती वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली.

"गुरुजी, हितं लिवलंय, 'ह्या गाडीमुळं मी आज पूर्ण बरी झाले आहे.' पण मी बरी कुठं झालीय? सुई तर रोज टोचती."

"तसं नाही गं. बरी म्हणजे, आधी कशी होतीस? आता कशी आहेस?"

"आदीपरीस बरी हाय. पण पूर्ण न्हाय."

"हे बघ, कुणी आपल्या घरी खण घेऊन आलं, तर रंग आवडला नाही असं तोंडावर म्हणतो का आपण? देणाऱ्याचं मन राखायचं. चार शब्द जास्त बोललं म्हणून आपलं काय जातं?"

अंजुमनं मान हलवली नाही. "आन् ही खालची वळ? 'आमच्या गावाला आता कशाचीच कमतरता नाही.' नळाला तर आठवडाभर पाणी न्हाय."

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "तुज्या गुरुजींची शिकवणच तशी हाय, बाळ. ताट रिकामं असलं तरी ढेकर द्यायचा."

"तू गप गं," गुरुजी म्हणाले. "पाण्याचं रडगाणं कंपनीपुढं कशाला? त्यांनी दिलं त्याचं बोलायचं." आणि अंजुमकडं वळून मायेनं म्हणाले, "तुझ्या आवाजात ते वाक्य फार सुंदर लागेल. म्हणून तर तुला निवडलं."

गुरुजींनी निवडलं म्हटल्यावर पोरगी आणखी काय बोलणार? तिनं भाषण पाठ केलं.

फिल्मच्या दिवशी एका गाडीच्या जागी तीनचार गाड्या आल्या. छत्र्या, दिवे, तोंडावर उजेड पाडायचे चकचकीत पत्रे, आणि भुंग्यासारखा आवाज करत वर उडणारा एक कॅमेरा. वस्तीनं शाली आणल्या होत्या. सोपानरावांनी स्वतःच्या हातानं इंद्रजितना फेटा बांधला. अंजुम नवा ड्रेस घालून गाडीपुढं उभी राहिली आणि बोलली. इतकं सुरेख बोलली की कॅमेऱ्यामागच्या पोरी टाळ्या वाजवायच्या आधी एकमेकींकडं बघत राहिल्या. गुरुजींनी डोळे पुसले.

मग तिला उजनीच्या पाण्याच्या कडेला नेलं. "बाळा, पक्ष्यांच्या दिशेनं पळत जायचं. हसत हसत." ती पळाली. पक्षी उडाले, पण उलट्या बाजूला उडाले. पुन्हा पळायला सांगितलं. पुन्हा. ऊन वर आलं होतं, भाषणाच्या गडबडीत पोरीच्या पोटात काही नव्हतं. पळता पळता तिचे पाय लटपटले आणि ती चिखलात बसली. अनिता धावली. साखरेचं पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. थोड्या वेळानं पोरगी उठली, चिखल पुसला आणि पुन्हा पळाली. ह्या वेळी पक्षी बरोबर उडाले.

जाताना इंद्रजितनी गुरुजींचे दोन्ही हात हातात घेतले. "काय बोलली हो मुलगी! असं वाक्य आम्हाला लिहायला सुचलं नसतं."

द्वारकाबाई तेवढ्यातही म्हणाल्या, "पोरीला काय खायला घाला आधी. वाक्याचं मागनं बघा."

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी गाडी आली ती उशिरा, आणि डॉक्टरांशिवाय. अनिता एकटीच उतरली. सुरैय्याच्या हातात तिनं पट्ट्यांचे उरलेसुरले डबे ठेवले.

"एवढेच आहेत, भाभी. पुरवून वापरा."

"पुडच्या मंगळवारी आनशील की, ताई."

"पुढच्या मंगळवारी गाडी नाही." अनिता खाली बघत म्हणाली. "प्रकल्प पूर्ण झाला म्हणे. आमचंही कंत्राट संपलं. मीसुद्धा उद्यापासून घरी."

गुरुजी शेजारीच उभे होते. "पूर्ण झाला म्हणजे?"

"कागदावर तसंच आहे, गुरुजी. गावाची गरज भागली."

कशाचीच कमतरता नाही. गुरुजींना ते वाक्य त्या खणखणीत आवाजात, स्वच्छ उच्चारांत ऐकू आलं. एक अक्षरही चुकलं नव्हतं.

त्या दिवसापासून ते अन्नावर बसले की दोन घासांत उठू लागले. द्वारकाबाईंनी आधी टोमणे मारले, मग टोमणे बंद केले, आणि ते बंद झाल्यावर गुरुजींना जास्त लागलं. शेवटी अनितानंच फोन करून सांगितलं, की बारामतीत एक संस्था आहे, असल्या आजाराच्या मुलांना पट्ट्या देते, डॉक्टरही बघतात. गुरुजी दुसऱ्याच दिवशी सुरैय्याला आणि अंजुमला घेऊन निघाले. भिगवणपर्यंत टमटम, पुढं एसटी. वाटेत अंजुमनं दोनदा पाण्याची बाटली मागितली. सुरैय्यानं गुरुजींकडं पाहिलं आणि बाटली पुढं केली.

संस्थेत मोना नावाच्या बाई होत्या. त्यांनी अंजुमला जवळ बसवलं, तिचे हात पाहिले, टोचून टोचून निबर झालेली बोटं पाहिली. आणि मग तिच्या तोंडाकडं नीट पाहून म्हणाल्या, "अगं, तू ती जाहिरातीतली ना? पक्ष्यांमागं पळणारी?"

अंजुम लाजली. "व्हय."

मोनाबाईंनी फोनवर फिल्म लावून दाखवली. अंजुम पळत होती, पक्षी उडत होते, आणि मग तिचा आवाज आला: मी आज पूर्ण बरी झाले आहे.

"आता मी काय करू सांगा, गुरुजी," मोनाबाई म्हणाल्या. त्यांचा सूर खरोखर अवघडल्यासारखा होता. "आमच्याकडं जागा थोड्या, मुलं रांगेत. ज्याला दुसरीकडून मदत मिळते त्याला घेता येत नाही, हा आमच्या देणगीदारांचा नियम. आणि हिला तर सगळ्या महाराष्ट्रानं कंपनीच्या गाडीपुढं पाहिलंय. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

"गाडी बंद झाली, बाई. पोर समोर बसलीय. तपासा तिला."

"तपासायची गरज नाही, मला दिसतंय. तुम्ही फक्त कंपनीचं एक पत्र आणा. मुलीचा आजार बरा झालेला नाही आणि आमची मदत थांबली आहे, एवढ्या दोन ओळी. लगेच घेते."

दोन ओळी! गुरुजींना हायसं वाटलं. ओळीनं बिघडलेलं काम ओळीनंच दुरुस्त होणार होतं. कंपनीचं ऑफिस बारामती एमआयडीसीत, परतीच्या रस्त्यावरच होतं. ते तिघं एमआयडीसीच्या फाट्यावर उतरले. कारखान्यांची पाळी सुटली होती, मोटारसायकलींचा लोंढा समोरून येत होता. त्यातून वाट काढत ते पोचले.

इंद्रजितनी त्यांना आत बसवलं, चहा मागवला, अंजुमसाठी बिनसाखरेचा सांगितला. त्यांना आठवण होती, हे बघून गुरुजींना आणखी धीर आला.

"साहेब, चूक माझी आहे," गुरुजींनी थेट सुरुवात केली. "ते भाषण मी लिहिलं. पोरगी नको म्हणत होती. ती बरी झालेली नाही. ह्या आजारात कुणी बरं होतच नाही. तुमचं मन राखायला मी तसं लिहिलं, आणि तुम्हाला वाटलं गाव सुधारलं, म्हणून गाडी गेली. माझी शिक्षा पोरीला नको. ते वाक्य काढा आणि मला दोन ओळींचं पत्र द्या."

इंद्रजित उठून बाहेर गेले. काचेपलीकडं ते फोनवर बोलताना दिसत होते. आधी हात हलवून, मग हात खिशात घालून. परत आले तेव्हा त्यांनी खुर्ची गुरुजींच्या जवळ ओढली.

"पत्र नाही देता येत, गुरुजी. ती फिल्म भागधारकांच्या सभेत दाखवलीय. वार्षिक अहवालात मुलीचा फोटो आहे. आता तीच मुलगी बरी नाही असं आम्हीच लिहून दिलं तर... वकील लोक नाही म्हणतात."

"पण ती बरी नाही."

"मला माहीत आहे."

"मग माझ्या सहीनं लिहितो. गाडी माझ्यामुळं गेली, असं."

इंद्रजितनी दाराकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमच्या भाषणानं गाडी गेली नाही. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. तुमच्या शिवारातून पाइपलाइन जायची होती. लोक अडवतील अशी भीती होती. म्हणून गाडी आली. लाइन पुरली, वर पिवळे खांब रोवले, काम संपलं. गाडी किती दिवस चालणार, हे ती यायच्या आधीच ठरलेलं होतं. भाषण तुम्ही कसंही लिहिलं असतंत, तरी ती गेलीच असती."

गुरुजींना ते पिवळे खांब आठवले. त्यांच्या पेरूच्या बागेतही एक होता. त्याच्या आजूबाजूला झाड लावायचं नाही, विहीर घ्यायची नाही, असं सांगून गेले होते. लोकांनी सह्या केल्या होत्या. ज्यांची गाडी आपल्या पोरांना बघते, त्यांना नाही कसं म्हणायचं?

"आता गाडी कुठं असते?"

"दुसऱ्या राज्यात. तिकडं नवीन जागा घ्यायची चाललीय."

"म्हणजे चुरासुद्धा..." गुरुजी बोलता बोलता थांबले. "बरं, ह्या वर्षी आपल्या तालुक्याला काहीच नाही? कायदा आहे ना? खर्च करायलाच लागतो म्हणतात."

"केला ना." इंद्रजित कसंनुसं हसले. "ती फिल्म. पंपापंपावर पडदे बसवलेत, दिवसभर चालते. आरोग्याची जनजागृती म्हणून तो सगळा खर्च त्याच खात्यात धरलाय. तुमच्या तालुक्याच्या नावावर."

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. चूक आपली आहे हे ओझं ते इतके दिवस वागवत होते, आणि त्या ओझ्याचा एक आधारही होता. आपण बिघडवलं तर आपण दुरुस्त करू. आता तेही गेलं. बिघडवण्याइतकीसुद्धा किंमत त्यांच्या शब्दाला कधी नव्हती. फक्त पोरीची वाट बंद करण्यापुरती तेवढी निघाली.

सुरैय्या सगळं ऐकत होती. उठताना एवढंच म्हणाली, "साहेब, ते पडदे बंद तरी करा. पोरगी कुठं मदत मागाया गेली की तिच्याआदी तिचा फोटू पोचतो."

इंद्रजित फाट्यापर्यंत पोचवायला आले. स्वतःच्या पैशानं पट्ट्यांचा एक डबा त्यांनी औषधाच्या दुकानातून घेऊन दिला. तो सुरैय्यानं घेतला. घ्यावाच लागला.

भिगवणला उतरून टमटमची वाट बघत ते पेट्रोल पंपाच्या सावलीला थांबले. पंपावर पडदा होता. ट्रकवाले डिझेल भरताना मान वर करून बघत होते. अंजुमही बघत होती.

"गुरुजी, त्यात मी लय पळतीय न्हाय?"

"हो."

"ह्याच्या आदी मला चक्कर आली व्हती. ते काढून टाकलंय." तिनं पडद्याकडं कान दिला. "आवाज मात्र चांगला आलाय."

सुरैय्यानं पोरीची ओढणी नीट केली आणि तिला पडद्याकडं पाठ करून उभं केलं. एक ट्रकवाला आधी पडद्याकडं, मग अंजुमकडं पाहून क्लीनरला काहीतरी म्हणाला आणि कौतुकानं हसला.

पुढं गुरुजींनी पुष्कळ खटाटोप केला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं पट्ट्या कधी असायच्या, बहुधा नसायच्या. सोपानराव नर्सची मागणी घेऊन पुन्हा पंचायत समितीत गेले, तर तिथल्या साहेबांनी त्यांना विचारलं, "तुमच्याकडं गरज संपली ना? आम्ही पंपावर बघितलं की." मोनाबाईंचा दोनदा फोन आला. पत्र मिळालं का, म्हणून. दुसऱ्यांदा गुरुजींनी तो द्वारकाबाईंकडं दिला.

डबे संपले. आधी दिवसातून एकदा पट्टी, मग एकाआड एक दिवस, मग अगदीच पोर मलूल दिसली तर. संध्याकाळच्या शाळेत अंजुम यायची, पण पाढे म्हणता म्हणता मधेच उठून माठाकडं जायची. गुरुजी फळ्याकडं तोंड करून उभे राहायचे. माठाचं झाकण वाजलं की त्यांचा खडू थांबायचा.

एकदा ऋतिकनं विचारलं, "गुरुजी, गाडी परत कवा येणार?"

आयुष्यभर गुरुजींनी पोराच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. माहीत नसलं तर ते म्हणायचे, उद्या बघून सांगतो, आणि उद्या खरोखर सांगायचे. त्या दिवशी त्यांना उत्तर माहीत होतं.

"येणार नाही," ते म्हणाले. "पुढचं गणित घ्या."

माघात एका सकाळी ते बागेकडं निघाले होते. गुलजारच्या घरामागून पायवाट जाते. तिथं मोरीच्या पलीकडं, भिंतीच्या कडेला सुरैय्या उकिडवी बसून जमिनीकडं निरखून बघत होती. काही हरवलं असेल असं वाटून गुरुजी थांबले.

"काय शोधतेस गं?"

ती दचकली, पदर सावरून उभी राहिली.

"पट्ट्या न्हाईत आता, गुरुजी. आमच्या दादीची एक जुनी खूण हाय. साखर वाढली की लघवीला मुंग्या लागत्यात. पोरगी सकाळी हितं बसून गेली की मी जरा वेळानं येऊन बघती. मुंग्या कमी दिसल्या तर औषिद कमी टोचायचं. जास्ती दिसल्या तर जास्ती."

"मुंग्यांवरनं औषध ठरवतेस?" गुरुजींनी विचारलं.

"मग कशावरनं ठरवू? सांगा की."

ती रागावली नव्हती. गुरुजी माणूस, शिकलेला माणूस, त्याला ठाऊक असेल म्हणून विचारत होती. घरातून अंजुमचा आवाज आला, "अम्मी, किती घिऊ?" सुई हातात घेऊन ती उत्तराची वाट बघत होती.

गुरुजींनी काठी भिंतीला टेकवली. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी दाबत ते हळूहळू खाली बसले, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि सुरैय्याच्या शेजारी ओल्या मातीवर वाकले.

भिंतीच्या फटीतून रांग निघाली होती.